अंतरपाटावरची सावली

आमच्या घराची एक भिंत स्टेजची होती. पलीकडे स्टेज, अलीकडे आमचा शेगडीचा ओटा. पिरंगुट सोडून भऱ्याकडे निघालं की रस्त्याला लागूनच एक मंगल कार्यालय होतं. पुढे मोठं लॉन, लॉनच्या टोकाला पक्कं बांधलेलं स्टेज आणि स्टेजच्या पाठीला चिकटवलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या. त्या खोल्यांत दादा, आत्या आणि मी राहत होतो. दादा म्हणजे माझे वडील. त्यांना कुणी मॅनेजर म्हणे, कुणी वॉचमन. जनरेटर चालू करण्यापासून नवरदेवाचा हरवलेला बूट शोधण्यापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात असे, तेव्हा दोन्ही नावं बरोबरच होती. आई मी नीट बोलायला लागण्याआधीच गेली, त्यामुळे तिच्याविषयी लिहायला माझ्याजवळ काही नाही. जे आहे ते आत्याविषयी. रंजूआत्या, दादांची धाकटी बहीण. मला सांभाळायला म्हणून थोड्या दिवसांसाठी आली आणि राहिली. तिच्या लग्नाचं बघू, बघू म्हणता म्हणता माझीच दहावी झाली, मग बारावीही झाली.

पलीकडे बँड सुरू झाला की आमच्या फळीवरची भांडी थरथरायची. त्यातल्या एका डब्याचं झाकण सैल होतं. ते ताशाच्या ठेक्यावर अगदी तालात वाजायचं, आणि आत्या त्याला ‘आमचा वाजंत्रीवाला’ म्हणायची. जेवणाचं म्हणाल तर लग्नाच्या दिवशी आचारी मागच्या दाराने एक पातेलं आत सरकवायचा. मसालेभात, वांगं-बटाट्याची भाजी, मठ्ठा, जिलेबी. जिलेबी बघून लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला आजही तिचा वास आला की उद्या पेपर आहे आणि अभ्यास व्हायचाय असं वाटतं. ज्या दिवशी लग्न नसे त्या दिवशी आत्या तांदळाची भाकरी करायची, पावट्याची आमटी आणि तव्यावर भाजलेला बोंबील. ते आमचं जेवण. रिकाम्या लॉनकडे तोंड करून उंबऱ्यात बसायचं आणि सावकाश खायचं. समोर शेकडो खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असायच्या आणि माणूस एकही नसायचा.

लोकांना वाटतं, कार्यालयात वाढलेली पोर म्हणजे किती गजबजाटात वाढली असेल. गजबजाट होता, खोटं कशाला बोलू? पण तो रोज नवा होता. एकदा आलेलं माणूस पुन्हा यायचं नाही; लग्न काय कुणी दरवर्षी करतं? लहानपणी दुपारी एखाद्या वऱ्हाडातल्या मुलीशी माझी गट्टी व्हायची, आम्ही खुर्च्यांच्या मागे घर-घर खेळायचो, आणि संध्याकाळी तिला गाडीत कोंबून नेलं जायचं. मी फाटकाशी उभी राहून हात हलवायची. बहुतेकींचं लक्षही नसायचं. पुढे पुढे मी गट्टी करायचंच सोडून दिलं. एवढ्या माणसांत वाढून मला माणसाची सवय लागली नाही, हे ऐकून कुणी हसेल, पण तसंच झालं. मला सवय होती ती फक्त आत्याची.

तिचा एक रिवाज होता. भिंतीपलीकडे मंगलाष्टका सुरू झाल्या की ती हातातलं काम थांबवायची, तांदळाच्या डब्यात हात घालायची आणि ‘सावधान’ ऐकू आलं की दोन दाणे माझ्या डोक्यावर टाकायची.

“आपल्याला आवतान न्हाई, पर कानावर पडलं म्हंजी अक्षता टाकाव्या,” ती म्हणायची.

“माझ्या डोक्यावर कशाला? माझं काय लगीन हाय?”

“मग कुणाच्या टाकू? घरात दुसरं हाय कोण?”

दिव्यांच्या नादाला मी लागले ती पौडच्या इस्माईलभाईंमुळे. पौडच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि आमच्याकडच्या निम्म्या लग्नांचं शूटिंग तेच करायचे. गोल पोट, खिशाखिशांत बॅटऱ्या, आणि नवऱ्यामुलीच्या आईला चिडवल्याशिवाय त्यांचं काम पुढे सरकायचं नाही. कार्यालयाचे दोन मोठे हॅलोजन होते, चाकांच्या स्टँडवर बसवलेले. ते कुणाला तरी सांभाळावे लागत. दादांना वेळ नसायचा, म्हणून बारावीनंतर ते काम माझ्याकडे आलं. पहिल्याच लग्नात मी दिवा कॅमेऱ्याशेजारी उभा करून मोठ्या ऐटीत चालू केला. गुरुजींच्या माईकचा दांडा मागच्या पडद्यावर एवढा मोठा उमटला, की गुरुजींच्या डोक्यातूनच तो उगवलाय असं दिसत होतं.

इस्माईलभाई कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, “मने, गुरुजीस्नी शिंग फुटलं बघ.”

मी घाईघाईने दिवाच बंद केला, तर सगळं स्टेज अंधारात गेलं. मग ते माझ्याजवळ आले. रागावणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. “सावली मरत न्हाई, पोरी. तिला कुटं पडायचं ती जागा दावायची. आपल्याला नगं तितं न पडता आपल्याला चालंल तितं पडली, म्हंजी झालं काम.”

पुढे मला ते सगळं हाताला बसलं. दिवा कॅमेऱ्याच्या रेषेतून बाजूला न्यायचा, उंच करायचा आणि वरून तिरका झुकवायचा, म्हणजे माईकची, स्टँडची, वायरींची सावली मागच्या पडद्यावर न जाता खाली गालिच्यावर उतरते, आणि गालिच्याकडे कॅमेरा बघत नाही. नवरानवरी पडद्याला चिकटून उभी असली की त्यांना चार पावलं पुढे ओढायचं. उजेड फार कडक वाटला तर दिवा मांडवाच्या पांढऱ्या छतावर मारायचा; तिथून तो मऊ होऊन खाली येतो आणि सावल्या अगदी विरून जातात. सगळ्यात अवघड अंतरपाट. शूटिंगवाले गुरुजींना सांगून तो जरा तिरका धरायला लावतात, म्हणजे कॅमेऱ्याला दिसतो. आणि एकदा का ते पांढरंशुभ्र कापड उजेडासमोर आलं की आसपासच्या वस्तूंची काळी नक्कल त्यावर उमटायलाच बघते. शिवाय तो क्षण काही पुन्हा घेता येत नाही. हार पुन्हा घालायला लावता येतो, केक पुन्हा कापता येतो, पण अंतरपाट एकदाच धरतात. मंगलाष्टका चालू असेपर्यंत माझा जीव त्या कापडात असायचा. वरून अक्षता पडायच्या, त्यातल्या काही माझ्या दिव्याच्या तापलेल्या काचेवर येऊन तडतडायच्या आणि भाजलेल्या तांदळाचा वास सुटायचा. आताचे दिवे थंड असतात. त्यांच्यावर अक्षता पडल्या तर नुसत्या घरंगळतात.

हे काम मला आवडायचं, कारण त्यात दिव्याच्या मागे उभं राहायचं असतं. तिथून सगळं दिसतं आणि आपल्याला कुणी बघत नाही. माझ्या एकलकोंड्या स्वभावाला ती जागा मापात शिवून दिल्यासारखी बसली. कार्यालयात झालेल्या एवढ्या लग्नांची शूटिंगं घराघरांत पडलेली असतील, पण त्यातल्या एकातही आम्ही तिघं नाही. आत्या यावरून हसायची. “आपन हाय का न्हाई, ह्येचा कुटं पुरावाच न्हाई,” म्हणायची.

आणि मग आत्याचंच लग्न ठरलं. ताम्हिणी घाट उतरून खाली माणगावकडे स्थळ होतं. त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं, बायको वारलेली, आणि सात वर्षांची एक मुलगी, जुई. माणूस सरळ होता. पुढे मी त्यांना मामा म्हणू लागले आणि ते मला मनापासून आवडले, पण तेव्हा ते आले की मी लॉनवर खुर्च्या रचायला निघून जायची. दादा खूश होते, आणि खूश असल्याची त्यांना लाजही वाटत होती. बहिणीची उमर आपल्या पोरीपायी गेली, हे ते कधी बोलले नाहीत, पण त्या दिवसांत ते आत्यासाठी रोज काही ना काही आणायचे. एकदा तर नुसताच कंगवा आणला. मी कुणालाच काही म्हटलं नाही. मला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. आपल्याला आई नव्हती म्हणून मिळालेली आत्या आता आई नसलेल्या दुसऱ्या पोरीकडे निघाली, हे मला कळत होतं आणि ते बरोबर आहे हेही कळत होतं. बरोबर असल्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

सासरकडची एक चुलती मात्र या लग्नावर खूश नव्हती. काकू म्हणायचे सगळे तिला. बोलणी करायला आली तेव्हा आमच्या ओट्याशी बसून चहा पिता पिता तिने सांगून टाकलं, की पहिलीच्या लग्नात अक्षतांचं ताट सांडलं होतं, ती टिकायची नाही हे तेव्हाच आपल्याला कळलं होतं. काकू गेल्यावर आत्या कप विसळायला लागली.

“मने, करवली तूच हां. करा-दिवा घिऊन माझ्या मागं तूच हुबी ऱ्हायाचं. दुसऱ्या कुणाला मी हुबी करनार न्हाई.”

“मी? मग दिवे कोण बघणार?”

“लावून ठिव अन् ये. एक दिस तरी दिव्याम्होरं यी.” मग तिने कप फळीवर पालथा घातला. “मला त्या म्हातारीचं भ्या न्हाई. पर नव्या मानसांत जायाचं म्हंजी आपल्या मागं कोन तरी हाय असं वाटाया पायजे. अंतरपाट खाली आला की मी आदी मागं बघनार. तू दिसलीस की मगच हार घालनार.”

“आणि न्हाईच दिसले तर?”

“मग तशीच हुबी ऱ्हाते. बसा म्हनावं सगळ्यास्नी वाट बघत.”

ती हसली, मीही हसले. पण ती थट्टा करत नव्हती, हे मला ठाऊक होतं.

कार्यालयाच्या मालकांनी सीझन संपता संपता एक रिकामा दिवस दिला. मुहूर्त गोरज होता. दुपारीच मी दिवे लावले. स्वतःच्या घरचं लग्न म्हणून इतकी खटपट केली, की एका बादलीला नवरी आणि एका खुर्चीला नवरदेव करून, मध्ये आत्याचीच जुनी साडी धरून, सगळीकडून बघितलं. कुठे सावलीचा डाग म्हणून नव्हता. मग हात धुतले, नवी साडी नेसले, आत्याने माझ्या केसांत गजरा माळला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, “बघ, मानसात आलीस.” तिचा स्वतःचा शालू तिला जरा जड होत होता. सारखी पदर सावरत होती.

इस्माईलभाईंचं त्या दिवशी घोटवड्याला शूटिंग होतं. ते सकाळीच येऊन आत्याच्या हातात साडी देऊन, डोळे पुसत, विनोद करत निघून गेले होते. आमच्याकडचं शूटिंग नवरदेवाच्या मावसभावाने अंगावर घेतलं होतं. प्रशांत त्याचं नाव. त्याने नवी क्रेन घेतली होती, लांब दांड्याच्या टोकाला कॅमेरा बसवलेली, आणि ती कुठेतरी दाखवायचीच होती. लॉनच्या मधोमध त्याने ती उभी केली तेव्हा वऱ्हाडातली पोरं टाळ्या वाजवत होती. मी त्याला विचारलं, अंतरपाटाच्या वेळी ती फिरवणार का? तो म्हणाला, “नाही हो ताई, तेव्हा एका जागी ठेवतो.” मी विश्वास ठेवला.

सूर्य डोंगरामागे गेला आणि गुरुजींनी अंतरपाट धरला. आत्या एका बाजूला, खाली मान घालून, हातात हार. तिच्या मागे मी, एका हातात पाण्याने भरलेला करा, दुसऱ्या हातात तबक आणि तबकात पेटलेला दिवा. आयुष्यात पहिल्यांदा मी उजेडाच्या समोरच्या बाजूला उभी होते. डोळे दिपत होते. लॉनवरची माणसं मला दिसेनात, नुसता एक पांढरा भपका आणि त्यामागे खुर्च्या सरकण्याचा आवाज. माझ्या कोपराशी जुई येऊन उभी राहिली होती. दिवसभर ती आत्याच्या आसपासच घुटमळत होती, पण जवळ जात नव्हती. आता ती माझ्या हातातल्या दिव्याकडे टक लावून बघत होती.

पहिली मंगलाष्टका झाली. दुसरी सुरू झाली आणि अंतरपाटावर काळी रेघ उमटली. आधी काठीएवढी, मग हळूहळू सरकत, रुंद होत, टोकाला डोकं असलेली. प्रशांतला राहवलं नव्हतं. क्रेन उठली होती आणि माझ्या उजव्या दिव्यासमोरून तिचा दांडा जात होता. ती सावली अंतरपाटावरून आत्याच्या छातीवर आली, तोंडावरून गेली, परत फिरून कापडावर आली.

“अगो बाय, पाटावर काळा काय फिरतंय?” मागून काकूचा आवाज आला. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

“गप ऱ्हावा की हो,” आमच्याकडची कुणीतरी बाई म्हणाली.

“गप कशी? माझ्या डोल्यांना दिसतंय ना.”

आत्याची मान खालीच होती, पण तिच्या हातातल्या हाराच्या कळ्या हलायला लागल्या. वारा नव्हता. मी दादांकडे बघितलं. ते हात जोडून उभे होते आणि वरपक्षाच्या माणसाला भर मुहूर्तावर थांब म्हणायची त्यांची प्राज्ञा नव्हती. मंगलाष्टका तर चालूच. त्या मध्येच थांबवत नाहीत. त्या घरात ही बाई आयुष्यभर काय काय म्हणत राहील, ते मला त्या एका क्षणात ऐकू आलं. दूध नासलं तरी अंतरपाट, पोराला ताप आला तरी अंतरपाट. तिथे दिव्याची ओळख असलेलं माणूस मी एकटीच होते.

मी करा मागच्या बाईकडे दिला आणि तबक जुईच्या हातात दिलं. “धर. दोन्ही हातांनी. इथंच उभं राहायचं, अजिबात हलायचं नाही.”

“विझला तर?”

“हाताचा आडोसा कर.”

आणि मी बाजूच्या पायऱ्यांवरून उतरून नव्या साडीनिशी धावत दिव्याकडे गेले. प्रशांत मंगलाष्टकांच्या चालीवर क्रेन फिरवत होता, डोळे छोट्या पडद्यावर, कानांत इअरफोनचे बोळे; हाका मारून काही उपयोग नव्हता. मग मीच त्याच्या क्रेनबरोबर निघाले. तो दांडा वर उचलायला लागला की मी स्टँडचा स्क्रू सैल करून दिवा खाली घ्यायची, म्हणजे उजेड दांड्याखालून जाई आणि सावली वर छताला लागे. तो दांडा खाली आणायला लागला की दिवा उंच. तो उजवीकडे आला की मी चाकं ढकलत आणखी उजवीकडे, त्याच्या पुढे. दिव्याची पत्र्याची पेटी तापलेली, हाताला चटके बसत होते, पदर पायात येत होता, आणि ते सगळं न थरथरता करायचं होतं, कारण उजेड हलला तरी दिसतो. पण पाट पांढरा झाला. चौथ्या मंगलाष्टकेपासून शेवटपर्यंत त्याच्यावर कशाची म्हणून सावली पडू दिली नाही मी. काकूचा आवाजही बंद झाला. हाराच्या कळ्या हलायच्या थांबलेल्या मी तिथून बघितल्या. खरं सांगते, मला आनंद झाला. असलं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही केलेलं नाही.

मग शेवटचं ‘सावधान’ झालं, बँड दणाणला, अंतरपाट खाली आला. नवरदेवाने हार वर धरला. आणि आत्याने, कबूल केलं होतं तसं, मागे वळून बघितलं.

मागे जुई होती. तबक छातीशी घट्ट धरलेलं, एक तळवा दिव्याच्या आड. आत्या तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने तिच्या मागे बघितलं, दुसऱ्या बाजूला बघितलं. सगळे थांबले. कुणीतरी “अगं, हार घाल” म्हणालं. आत्या पुढे वळली आणि समोर, लॉनकडे, सरळ माझ्या दिव्यात बघायला लागली. दिव्यात बघायचं नाही हे मी तिला शंभरदा सांगितलेलं. तिचे डोळे मिटत होते तरी ती बघत होती. हार डाव्या हातात घेतला, उजवा हात कपाळाशी नेला आणि तळव्याचा आडोसा करून ती मला शोधत राहिली.

“आत्या, मी हितं हाय!” मी ओरडले. बँडपुढे माझाच आवाज मला ऐकू आला नाही. मी हात हलवला, मोठमोठ्याने हलवला. पण एवढ्या उजेडामागे हललेला हात स्टेजवरून कुणाला दिसणार? पुढे यावं तर क्रेन पुन्हा खाली येत होती. दिवा सोडला असता तर तो दांडा बरोबर हार घालतानाच दोघांच्या तोंडांवर आला असता. मी दिवा सोडला नाही. आत्या तशीच उभी राहिली, म्हणाली होती तशी. मग जुईने खालून तिचा पदर ओढला. आत्याने खाली बघितलं, हात खाली घेतला, आणि हार घातला. अक्षतांचा पाऊस पडला. माझ्या दिव्याच्या काचेवर तांदूळ तडतडले.

गर्दीतून वाट काढत मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा फोटोंची रांग लागली होती.

“कुटं गेलतीस गं?” तिने हळूच विचारलं. रागावली नव्हती.

“दिव्यामागं. त्या क्रेनची सावली...”

“व्हय? मी बघितलं तिकडं. निस्ता उजेड दिसला.” एवढंच बोलली, तोवर कुणीतरी तिची मान फोटोसाठी सरळ केली. जेवणं झाली. करवलीने पाठराखीण म्हणून सोबत जायचं असतं, पण दुसऱ्या दिवशी कार्यालयात दुसरं लग्न होतं आणि दादा एकटे पडले असते. जीपमध्ये जुई आत्याच्या मांडीवर बसली. आत्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीच बोलली नाही. बोलली असती तर मी जीपला लोंबकळलेच असते. जीप गेल्यावर मी फाटकाशी उभी होते, लहानपणी उभी राहायची तशीच, आणि हात हलवायचं मात्र विसरले.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे मंगलाष्टका सुरू झाल्या तेव्हा मी ओट्याशी होते. ते लग्न दुसऱ्या डेकोरेटरचं होतं, दिवेही त्यांचेच. डब्याचं सैल झाकण तालात वाजायला लागलं. ‘सावधान’ ऐकू आलं. मी डब्यातून दोन दाणे उचलले, घरात इकडेतिकडे बघितलं आणि ते दाणे परत डब्यात टाकले. मग ओट्याला टेकून रडले. दादा दारात येऊन उभे राहिले, मग आत आले आणि सैल झाकणावर पाण्याचा तांब्या ठेवून ते गप्प केलं. मला त्या झाकणाचा आवाज नको असेल, असं त्यांना वाटलं. उलट मला तेवढाच तर हवा होता, पण त्यांना कसं सांगणार?

काही दिवसांनी प्रशांतचा फोन आला. एडिटिंग करत होता. “ताई, अंतरपाट काय मस्त आलाय! सावली नाही, काही नाही. फक्त त्याच्यानंतर वहिनीनी हात मध्ये घातलाय, तोंडावर सावली आलीये. तेवढं कट करू?”

“राहू द्या,” मी म्हटलं.

त्यानंतर मी जन्मभर दिव्यांचंच काम केलं. नाटकं, गॅदरिंग, कंपन्यांचे कार्यक्रम, माणच्या आयटीवाल्यांचे स्टेजवरचे सोहळे. कॅमेऱ्याचा दांडा, माईक, स्टँड, कशाचीही सावली मी कुठे दिसू दिली नाही. माझं तेवढं नाव होतं. लग्न केलं नाही. कार्यालय पाडून तिथे इमारती झाल्या, दादा गेले, आणि मी भूगावला एका फ्लॅटमध्ये राहते. इथल्या भिंतीपलीकडे कोण राहतं, मला माहीत नाही. आत्याचं तिकडे चांगलं झालं, हे मात्र सांगायला हवं. शेवटी शेवटी काकूला घास भरवायची ती आत्याच. सणावाराला मी जायची, दोन दिवस राहायची, आणि अंतरपाटाचा विषय आम्ही दोघींनी कधी काढला नाही.

गेल्या पावसाळ्यात आत्या गेली. परवा जुईचा फोन आला. तिचेच केस आता पिकायला लागलेत. आईचा मोठा फोटो करून लावायचाय, म्हणाली, लग्नाच्या शूटिंगमधला एखादा काढून पाठव, ताई, तुझ्याकडे ते आहे ना? मी सगळं पुन्हा बघितलं. आम्ही तिघं एकत्र त्यात कुठेच नाही. गजरा माळून मी मागे उभी असलेली थोडा वेळ दिसते, मग मी निघून जाते ती पुन्हा येतच नाही. मी जुईला तीन फोटो काढून पाठवले, आणि आत्याने कपाळाशी हात धरलेला तो चौथाही त्यांच्यासोबत गेला.

लगेच तिचा फोन. “ताई, बाकीचे छान आहेत, पण हा चौथा नको गं. आईच्या डोळ्यांवर हाताची सावली आलीये. कुणाला शोधतेय ती?”

“मला,” मी म्हटलं.

जुई म्हणाली, मग तोच मोठा करते.